आधी हाय, मग आऊटपुट: दोन ओळींचा क्रम आणि विहिरीवरची मोटार

आज आर्डुइनोच्या डिजिटल पिन्स. इनपुट, आऊटपुट, झालं, असं म्हणून हा विषय सगळे पाच मिनिटांत उरकतात. मीही उरकला होता, आणि मग तो गावी विहिरीवर अंगाशी आला.

टाकी भरली की मोटार बंद, रिकामी झाली की चालू, एवढंच मी बनवलं होतं. एक उनो बोर्ड, टाकीत फ्लोट स्विच, आणि स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडलेला रिले. एकदा लाईट गेलेली असताना काका मोटारीच्या कपलिंगपाशी वाकून काहीतरी बघत होते. लाईट आली, रिले टक् वाजला आणि मोटार सुरू! टाकी तर भरलेली होती. काकांनी हात नुकताच मागे घेतला होता. ते एवढंच म्हणाले, "अरे, आधी हे तुझं यंत्र काढ."

मेन स्विच बंद न करता काम करणं चूकच होतं, ते काकांनाही मान्य आहे. पण मोटार सुरू झाली ती माझ्या कोडमुळे.

झालं काय, ते सांगतो. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रत्येक पिनसाठी दोन बिट्स असतात. एक दिशेचा: शून्य म्हणजे इनपुट, एक म्हणजे आऊटपुट. दुसरा किमतीचा: लो की हाय. चिप रिसेट झाली की दोन्ही शून्य. म्हणजे लाईट आल्या आल्या प्रत्येक पिन इनपुट असते, आणि तिच्या किमतीच्या खान्यात आधीच 'लो' लिहिलेलं असतं. हे नीट लक्षात ठेवा.

माझा रिले मॉड्यूल उलट्या चालीचा होता. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे तसेच असतात: पिन लो झाली की रिले चालू. सेटअपमध्ये मी आधी लिहिलं होतं 'पिनमोड आठ, आऊटपुट'. त्या क्षणी खान्यातला तो 'लो' बाहेर आला आणि रिले ओढला गेला. त्याखाली सेन्सर स्थिर व्हावा म्हणून दोन सेकंदांचा डिले, आणि त्याच्यानंतर 'डिजिटलराइट आठ, हाय'. ह्या दोन ओळी लागोपाठ असत्या तर मधे काही मायक्रोसेकंद गेले असते, रिलेला पत्ताही लागला नसता. पण दोन सेकंद? स्टार्टरला तर बटण क्षणभर दाबलं तरी पुरतं, पुढे तो स्वतःच धरून ठेवतो. मग रिले सुटला तरी मोटार चालूच.

उपाय म्हणजे ओळींची अदलाबदल. आधी डिजिटलराइट हाय, मग पिनमोड आऊटपुट. पिन इनपुट असताना हाय लिहिलं की आतला पुल-अप रेझिस्टर चालू होतो, म्हणजे पिन हलकेच हायकडे ओढली जाते. मग आऊटपुट केली की ती हायच राहते, मधे लोला जातच नाही. रिले गप्प.

आता इनपुटची बाजू. नुसती इनपुट ठेवलेली, कशालाच न जोडलेली पिन शून्य वाचत नाही, ती काहीही वाचते. ५ व्होल्टवर ही चिप साधारण १.५ व्होल्टच्या खाली लो आणि ३ च्या वर हाय धरते, मधल्या पट्ट्यात कसलीच खात्री नाही. हात जवळ नेला तरी वाचन बदलतं. टाकीपर्यंतची लांब वायर तर अँटेनाच! म्हणून 'इनपुट पुलअप' लिहायचं आणि स्विच पिन व ग्राउंडच्या मधे जोडायचा. स्विच जुळला की लो, सुटला की हाय. उलटं वाटतं, सवय होते. आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे तसा अशक्तच. लांब वायरसाठी मी बाहेरून ४.७ किलोओहमचा लावला.

आणि फ्लोट कसा जोडायचा? टाकी रिकामी असताना स्विच जुळलेला हवा. म्हणजे लो आलं तरच मोटार. उद्या उंदराने वायर कुरतडली तर पिन हाय वाचेल, बोर्डाला वाटेल टाकी भरली, मोटार सुरू होणार नाही. उलट जोडलंत तर तुटलेली वायर म्हणजे कायमची रिकामी टाकी आणि रात्रभर चालणारी मोटार.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे ३४ ते ३९ नंबरच्या पिन्स फक्त इनपुट आहेत, आणि त्यांना आतला पुल-अप नाही. तिथे बाहेरून लावावाच लागतो.

करून बघायचं असेल तर रिलेच्या जागी पिन आठ आणि ५ व्होल्टच्या मधे एक एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावा, एलईडीची छोटी तार पिनकडे. मधे दोन सेकंदांचा डिले ठेवून दोन्ही क्रमांनी कोड टाका, दर वेळी रिसेट दाबा. पहिल्या क्रमात एलईडी दोन सेकंद पेटेल. तेवढ्यात आमची मोटार सुरू झाली होती.