भूमिकाखेळातली लाइव्ह साथसंगत

खेळ कोणता? कागद, फासे आणि बोलणं यांवर चालणारा कथाखेळ. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. बाकीचं जग गेम मास्टर सांभाळतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. ‘बार्ड’ हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या साहसवीराचं पात्र १९७६मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातून त्यात दाखल झालं.

सूर कुणासाठी?
• पात्रांना ऐकू येणारे: खानावळीतला गवई, देवळातली घंटा, वेशीबाहेरचा ढोल. ते अचानक थांबले की पात्रंही सावध होतात. म्हणून ते कथेचाच भाग.
• फक्त खेळाडूंना ऐकू येणारे: पार्श्वसंगीत.

रेकॉर्ड केलेलं की प्रत्यक्ष? ‘मिडनाइट सिंडिकेट’ या संगीतसमूहाचा अधिकृत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अल्बम २००३चा. ट्रॅकची लांबी ठरलेली असते. चर्चा रंगली की तो संपतो किंवा पुन्हा पहिल्यापासून वाजतो. वादक मात्र फासा घरंगळत असताना एकच सूर धरून ठेवू शकतो आणि आकडा दिसताच लय पालटू शकतो. खरी गंमत इथेच आहे. मूकपटांच्या काळात थिएटरातले पियानोवादक पडद्याकडे बघत हेच करत.

वाद्यं कोणती? संशय, भीती यांसाठी लांब सूर धरणारी: हार्मोनियम, चेलो, तंबोरा. लढाईसाठी हातानं वाजवायचे ढोल. शब्दांची गाणी शक्यतो नकोत. संवाद झाकला जातो. गेम मास्टरच वाजवणार असेल तर एका हाताचं वाद्य बरं, दुसरा हात फाशांना लागतो.