तेलात भाजी टिकते कशाने?

बचत गटाच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मोबाईलवर दाखवतात तशा ऑलिव्ह तेलात बुडवलेल्या भाज्या, लसूण, मिरच्या घरी भरून ठेवता येतील का? विकता येतील का? आज आपण तेच समजून घेऊ.

ऑलिव्ह तेल म्हणजे जैतुनाच्या फळाचं तेल. १९५४ ते ५६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी आपल्या नेवाशात उत्खनन केलं, तेव्हा रोमन काळातल्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडेही निघाले. अशा रांजणांतून मद्य आणि जैतुनाचं तेल दूरदेशी जात असे.

पण तेल महागडं असो की आपलं शेंगदाण्याचं, ते एकच काम करतं: वरची हवा अडवतं. हवा नसली की बुरशी धरत नाही. म्हणून आपण लोणच्यावर बोटभर तेल ठेवतो. लोणचं टिकवतात मात्र मीठ आणि आंबटपणा. किलोभर कैरीला आपण दीड-दोनशे ग्रॅम मीठ घालतो, ते नुसतं चवीसाठी नव्हे.

आता धोका कुठे आहे ते ऐका. मातीत बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. लसूण, गाजर, कांदा मातीतून येतात, त्यांच्यासोबत त्याचं बीजही येतं. हे बीज साध्या उकळीनेही मरत नाही. ओलावा आहे, मीठ नाही, आंबट नाही आणि हवाही नाही, अशी जागा मिळाली की तो वाढतो आणि विष तयार करतो. साध्या तेलात बुडवून फळीवर ठेवलेला लसूण म्हणजे नेमकी तीच जागा. वासाने, चवीने काही कळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते.

मग करायचं काय?

नुसत्या तेलातला लसूण किंवा भाजी लागेल तेवढीच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. गावात वीज तासन्‌तास जात असेल, तर करूच नका.

वर्षभर टिकवायचं असेल, तर लसणाचं, मिरचीचं लोणचंच घाला: भरपूर मीठ, भरपूर लिंबाचा रस, कोरडी बरणी, कोरडा चमचा, आणि वर गरम करून गार केलेलं तेल. रक्तदाबामुळे मीठ कमी केलं असेल, तर ते लोणचं थोडंच घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

भाजी खूप निघाली, तर गवारीच्या, कारल्याच्या काचऱ्या कडक उन्हात खडखडीत वाळवा. ओलावाच नसला तर जंतू वाढणार कसा?

विक्रीसाठी नुसत्या तेलातल्या भाज्या घरी भरू नका. लोणचं विकायचं, तर अन्न परवाना विभागाकडे आधी नोंदणी करा.

आणि एक लक्षात ठेवा. असं काही खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता-बोलता येईना, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

तर मैत्रिणींनो, घरात अशी बाटली फळीवर असेल, तर जीव हळहळला तरी चव न घेता टाकून द्या. तेल परत आणता येईल.