शून्य पतंग, की न पोहोचलेली नोंद? – कीड सर्वेक्षण ॲपमधील लॉगचे कार्य

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री, प्रति सापळा प्रति रात्र आठ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. अशा वेळी ॲपमधील एखाद्या दिवसाचे शून्य हे पतंग न सापडल्याचे आहे, की नोंद सर्व्हरवर पोहोचलीच नसल्याचे, यावर फवारणीचा निर्णय अवलंबून राहतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकते. फरक उमगतो तो लॉगमध्ये.

लॉग म्हणजे ॲपने स्वतःच्या कामकाजाची ठेवलेली रोजनिशी. प्रत्येक ओळीत वेळ, गांभीर्याचा स्तर आणि घडलेली क्रिया असते. ‘०५:१०, इन्फो, नोंद फोनमध्ये साठवली’, ‘०५:११, वॉर्निंग, नेटवर्क नाही’, ‘०९:४०, एरर, अक्षांश रिक्त असल्याने सर्व्हरने नोंद नाकारली’ अशा तीन ओळी वाचल्या, की त्या शून्याचा उलगडा होतो.

डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर असे हे स्तर चढत्या क्रमाने असतात. कोणत्या स्तरापासून लिहायचे, ती मर्यादा प्रोग्रामर ठरवतो. तिच्याखालच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. (कीटकशास्त्राला ही कल्पना नवी नाही.) जागा वाचवण्यासाठी मर्यादा वॉर्निंगवर ठेवली, तर वरील पहिली ओळ कधीच सापडणार नाही. सर्वेक्षणाच्या ॲपसाठी ही काटकसर महागाची ठरते.

वेळेची बाब अधिक फसवी आहे. अनेक प्रणाली जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रूपांतर राहून गेल्यास १३ तारखेला पहाटे ५:१० वाजता भरलेली संख्या १२ तारखेच्या २३:४० ला जमा होते. १२ तारखेची नोंद सकाळी सात वाजता केलेली असेल, तर त्या दिवशी दोन नोंदी दिसतात आणि १३ तारीख रिकामी राहते. ‘सलग तीन रात्री’ हा निकष तिथेच मोडतो.

लॉग फाइल ठरावीक आकाराची झाली की नवी उघडली जाते आणि सर्वांत जुनी पुसली जाते. म्हणून तक्रार त्याच दिवशी, लॉगसह पाठवावी. ॲप काढून पुन्हा बसवण्याचा सर्रास होणारा उपाय आधी करू नये. त्यात लॉगबरोबर न पाठवलेल्या नोंदीही सहसा नष्ट होतात.