दुसऱ्या फळीतील गुरू : सहायक प्रशिक्षकाचा पेशा

खेळाच्या इतिहासात विजेत्याचे नाव राहते, कर्णधाराचे राहते, क्वचित मुख्य प्रशिक्षकाचेही राहते. मात्र पहाटे सर्वांआधी मैदानावर येणारा, खेळाडूच्या पायाची ठेवण पाहून चूक ओळखणारा आणि तीच कसरत शंभर वेळा करून घेणारा सहायक प्रशिक्षक त्या इतिहासात सहसा आढळत नाही. निवासी शाळांतील अनेक मुलांना खेळाची ओढ असते आणि त्यांचे पालक विचारतात, ‘खेळून पुढे काय?’ या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून या पेशाची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक उदाहरण पाहणे उचित ठरेल.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर दरमहा 3 रुपये पगारावर बाळूंनी काम सुरू केले. 1892 च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना जिमखान्यात 4 रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळ्या लावणे आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे, असे त्यांचे काम होते. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामवंत फलंदाज इतरांआधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत असे. बाळूंनी बाद केले की तो प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तेथे कधीच मिळाली नाही.

या नोकरीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. फलंदाजाची उणीव हेरून त्याच जागी पुन:पुन्हा चेंडू टाकणे आणि ती उणीव भरून निघेपर्यंत थांबणे, यालाच आज आपण प्रशिक्षण म्हणतो. बाळू हे काम करीत होते, परंतु त्यांचा हुद्दा मैदानावरील नोकराचा होता. ज्ञान त्यांचे, श्रम त्यांचे, नावलौकिक दुसऱ्याचा.

पुढे पुण्यातील हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज भासली. संघात घेऊनही त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात त्यांची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवण्यात आला होता. तरीही त्यांनी सात बळी घेतले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. बाबासाहेबांना तरुणपणी त्यांच्याविषयी विशेष आदर होता. एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. 1920 साली त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. अखेर 1923 साली विठ्ठल यांच्याकडे कर्णधारपद आले आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला.

पुढील काळात बाळूंनी राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधी बाजूस उभे राहणे पसंत केले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांविरुद्ध लढले व पराभूत झाले. ही घटना आपण विसरत नाही. परंतु तिच्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय लहान ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवाव्यात.

आता आजच्या स्थितीकडे वळू. फुटबॉलसारख्या खेळात गोलरक्षण, बचाव, शारीरिक तंदुरुस्ती आणि प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा अभ्यास अशी कामे वेगवेगळ्या सहायकांकडे सोपवली जातात. अमेरिकेतील महाविद्यालयांत तर संघाच्या एकेका फळीसाठी स्वतंत्र सहायक असतो आणि अशी अनेक वर्षे काढल्यावरच एखादा मुख्य प्रशिक्षक होतो. आपल्याकडे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षकवर्गात ‘असिस्टंट कोच’ ही आरंभीची पायरी आहे. त्यासाठी पतियाळा येथे 1961 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका महत्त्वाची मानली जाते. फुटबॉलमध्ये अखिल भारतीय महासंघाचे परवाने ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ असे चढत जातात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असल्यास बी.पी.एड. करावे लागते. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होण्यासाठी एम.पी.एड. आणि त्यापुढे नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते.

या वाटेवरील अडचणीही पालकांना ठाऊक असाव्यात. अनेक सहायक मानधनावर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करतात. मुख्य प्रशिक्षक बदलला की त्यांचेही स्थान डळमळीत होते. म्हणून खेळाबरोबर पदवीचे शिक्षण पूर्ण करणे आणि अधिकृत प्रमाणपत्र हाती असणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही. बाळूंच्या हाती कौशल्य होते, परंतु ते मान्य करणारा कागद नव्हता. आज तो कागद मिळवण्याचा मार्ग खुला आहे.

आपल्या परिसरातील उदाहरणे उत्साह वाढवणारी आहेत. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी प्रथम धावण्याकडे वळवले. पुढे तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला आणि 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरला. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. त्याला घडवले ते सांगलीतच, मयूर सिंहासने या प्रशिक्षकांनी. साताऱ्याची आदिती स्वामी 2023 साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झाली. तिचा सराव साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. पदक गळ्यात पडते तेव्हा जग त्या खेळाडूकडे पाहते. पहिले धडे गिरवून घेणारा गुरू गावातच असतो.

द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते. असा राष्ट्रीय सन्मान मोजक्यांनाच लाभतो. शाळा, संस्था आणि क्रीडामंडळे मात्र तीन साध्या गोष्टी निश्चित करू शकतात : सहायक प्रशिक्षकास लेखी नेमणूकपत्र द्यावे, त्याचे मानधन ठरलेल्या दिवशी द्यावे आणि विजयाच्या फलकावर खेळाडूंबरोबर त्याचेही नाव लिहावे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी जे खेळले आहेत त्यांनी सुट्टीच्या दिवशी आपापल्या शाळेच्या मैदानावर यावे आणि धाकट्या भावंडांना शिकवावे. त्यांतील एखाद्याला त्यातूनच आपला पेशा सापडेल. पालकांनीही मुलामुलींपैकी कोणी ‘मला प्रशिक्षक व्हायचे आहे’ असे म्हटल्यास ते हसण्यावारी नेऊ नये. कोणते शिक्षण लागते, ते कोठे मिळते आणि त्यास किती वर्षे लागतात, याची चौकशी त्याच्याबरोबर बसून करावी.