जुनी मोटार घेताना



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घराघरांत मोटारीची बोलणी सुरू होतात. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला जायला अल्टो, वॅगनआर यांसारखी छोटी जुनी गाडी सोयीची पडते. पण बैल घेताना दात बघणारे, चालवून बघणारे आपण, मोटारीच्या वेळी रंगाला भुलतो. आमच्या वाहन विभागातल्या एकालाच हा चटका बसला. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून त्याच्या गळ्यात मारली. चार महिन्यांत वायरिंगने दगा दिला आणि हंगामाची शिल्लक दुरुस्तीत गेली.

२०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. म्हणून पहिल्यांदा खालचे अंग बघावे. पायाखालचे मॅट उचला. सीटच्या पट्ट्यांना गंज, कोपऱ्यांत गाळ, काचा बंद केल्यावर कुबट वास असेल तर तिथूनच परत फिरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्याचा डाग बहुधा तिथे राहतोच.

इंजिन सकाळी, थंड असताना बघावे. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर गाडी तापवून ठेवली आहे असे समजा, कारण झिजलेले इंजिन तापल्यावर आपला दोष झाकते. चालू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरी वाफ थंडीत थोडी निघतेच, पण इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट गेले असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर पाणी ऑइलात मिसळल्याची शंका घ्या.

मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. चाळीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालंय, तर पॅडलचं खरं माना. टायरवर चार आकडी नंबर असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एका बाजूने झिजला असेल तर सस्पेन्शन तपासून घ्या.

शेवटी कागद. सातबाऱ्यावर बोजा बघतो, तसाच आरसी बुकावर बघावा. कर्ज फिटले असले तरी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग पुन्हा तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, तेव्हा किती वर्षे उरली ते मोजा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घ्या, आणि विमाही आपल्या नावावर करून घ्या.

एक खात्रीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी जड वाटली तरी नंतरच्या दुरुस्तीपेक्षा ती हलकीच. हे सारे झाल्याशिवाय इसार देऊ नका. मालक घाई करू लागला, तर गाडी सोडून द्या. बाजारात दुसरी मिळेल. उसाचे बिल मात्र वर्षातून एकदाच येते.