वाटाड्या कसा असावा?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. त्या दिवसाची एक हकिकत मात्र निराळ्या कारणाने मननीय आहे. मराठी फौजेसमोरचा उतार सोडला, तर केळणा नदी ओलांडण्यास दुसरी जागाच नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला ठामपणे सांगितले होते. त्याने पाहिले, की काही अंतरावर नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. अशी दोन गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून नांदणार नाहीत, हे त्याचे अनुमान खरे ठरले. सेनापती परपक्षाचा असला, तरी धडा घेण्यास प्रत्यवाय नसावा. वाटाड्यांनी दिली ती माहिती, आणि ती चुकीची निघाली. उपयोगी पडली ती पाहण्याची दृष्टी. परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेची परीक्षा याच कसोटीवर झाली पाहिजे.

हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीला असलेली घरे जालना, अंबड, भोकरदन या गावांतही आढळतात. निवृत्त शिक्षक वा कारकून आयुष्यात एकदाच, पुंजीतील पैसे मोजून, विमानात बसतो. त्याची एक चूक म्हणजे एखाद्या महिन्याचे निवृत्तिवेतन. त्याच्या हाती मराठीत आपण काय देतो?

प्रवासवर्णने देतो, आणि ती उत्तम देतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) घरबसल्या विलायत दाखविली. परंतु प्रवासवर्णन हे लेखकाच्या मनाचे चित्र असते, तर मार्गदर्शिका ही वाचकाच्या गरजेची चाकरी असते. पहिल्यात लेखक जितका दिसेल तितके बरे. दुसरीत तो जितका लपेल तितके बरे. ही चाकरी मराठीला परकी आहे असेही नाही. चौदाव्या शतकातील महानुभावीय ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेली स्थाने गावोगाव नोंदविते. कोणते देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, हे ती सांगते. अनोळखी गावी आलेल्या भाविकाला नेमकी जागा सापडावी, हाच तिचा हेतू. जाळीच्या देवाच्या यात्रेने परिचित असलेल्या या जिल्ह्याला त्या परंपरेची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

मग इंग्रजी मार्गदर्शिकांचे भाषांतर का करू नये? कारण प्रत्येक मार्गदर्शिका आपल्या वाचकाच्या डोळ्यांनी जग पाहते. मरे यांच्या मालेतील हिंदुस्थानविषयक पुस्तक १८५९ साली निघाले, ते इंग्रज साहेबासाठी. १९८१ साली जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी ‘लोनली प्लॅनेट’ची भारतावरील पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, ती पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या पाश्चात्त्य तरुणासाठी. आपल्या कामाची गोष्ट, म्हणजे एकादशीच्या दिवशी व्हिएन्नात काय खावे, ती त्यांत असणार नाही. तो दोष त्या पुस्तकांचा नव्हे. ते काम आपले आहे.

खरी उपयोगी माहिती दिसायला क्षुल्लक असते. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. युरोपीय संघातील देशांत संकटकाळी ११२ हा क्रमांक चालतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणावी. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात छापून घ्यावे लागते. नाही तर तिकीट खिशात असूनही दंड होऊ शकतो. युरोपातील बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना नजर प्रथम डावीकडे हवी. यांतील प्रत्येक वाक्य अनेक पाने निसर्गवर्णनापेक्षा मोलाचे आहे.

मोबाइल असताना पुस्तक कशाला, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. वाट, गाडीची वेळ, आजचा दर हे तो पुस्तकापेक्षा चांगले सांगतो, आणि ते काम त्याच्यावर खुशाल सोपवावे. परंतु तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. काय विचारावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे काय? तिकीट छापावे लागते हे माहीत नसणारा माणूस तो प्रश्न विचारणारच नाही. चांगली मार्गदर्शिका न सुचलेला प्रश्न सुचविते आणि नियमामागचे कारणही सांगते. दर बदलतात, कार्यालये हलतात. कारण समजलेला प्रवासी मात्र बदललेल्या परिस्थितीतही आपला उतार शोधून काढतो.

अशा पुस्तकाला दोन पथ्ये पाळावी लागतील. माहिती कोणत्या वर्षी पडताळली ते छापावे, आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींपासून मजकूर दूर ठेवावा. लिहिणारे शोधण्यास लांब जाण्याचे कारण नाही. परदेशी जाऊन आलेल्या पालकांना शाळा-महाविद्यालयांनी व वाचनालयांनी बोलवावे. तेथे काय पाहिले हे न विचारता, कोठे अडलात हे विचारावे, आणि ती उत्तरे लिहून ठेवावीत. सातशे वर्षांपूर्वी देवळाच्या दाराची दिशा टिपून ठेवणारी भाषा ही जबाबदारी पेलण्यास समर्थ आहे. वाण आहे ती कष्टाळू टिपणकारांची.