मराठीतील आघात आणि त्याचे लेखन

प्रस्तावना

स्वर आणि व्यंजने यांखेरीज उच्चाराचे आणखी एक अंग असते. शब्दातील एखादे अक्षर इतर अक्षरांपेक्षा अधिक जोराने उच्चारले जाते. या जोराला ‘आघात’ म्हणतात. प्रस्तुत भागात आपण दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. मराठीत आघाताने अर्थ बदलतो काय? आणि बदलत असल्यास आपली लिपी तो दाखवते काय?

१. आघात आणि अर्थभेद

काही भाषांत आघाताची जागा बदलली की अर्थच बदलतो. इटालियन भाषेतील ‘पापा’ हा शब्द पहिल्या अक्षरावर आघात देऊन उच्चारल्यास त्याचा अर्थ ‘पोप’ होतो; शेवटच्या अक्षरावर आघात दिल्यास ‘वडील’. शेवटच्या अक्षरावरील आघात दाखवण्यासाठी त्या भाषेत स्वरावर तिरपी रेघ देतात. मात्र आघात इतरत्र असेल, तर नेहमीच्या लेखनात तो दाखवत नाहीत. ‘नांगर’ (जहाजाचा) आणि ‘अजून’ या अर्थांचे दोन शब्द म्हणूनच तेथे सारखेच लिहिले जातात. त्यांतील फरक वाचकाने संदर्भावरून ओळखायचा असतो.

आपल्या परंपरेत वैदिक भाषेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे जोराऐवजी स्वराच्या उंचीला महत्त्व होते. ऋग्वेदाच्या प्रचलित लेखनात अनुदात्ताखाली आडवी रेघ व स्वरितावर उभी रेघ देतात. उदात्ताला चिन्ह नसते. ‘इंद्रशत्रु’ या समासात उदात्त शेवटी असेल तर ‘इंद्राला मारणारा’ आणि पहिल्या पदात असेल तर ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा अर्थ होतो. वृत्राच्या कथेत या एका चुकीने मंत्राचे फळ उलटले, असे परंपरा सांगते.

२. मराठीची स्थिती

मराठीत निव्वळ आघाताची जागा बदलून सहसा अर्थ बदलत नाही. परंतु जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो की नाही, याला मात्र महत्त्व आहे. ‘अन्याय’ हा शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. ‘न्’चा काही भाग मागील ‘अ’ला चिकटतो आणि ‘अन्‌-न्याय’ असा उच्चार होतो. आता ‘जालन्याला’ म्हणा. येथे ‘न्या’ हे अक्षर पूर्णपणे पुढे राहते. ‘ल’वर आघात येत नाही.

या फरकाचे कारण शब्दाच्या घडणीत आहे. ‘अन्याय’, ‘सत्य’, ‘पुण्य’ यांसारख्या तत्सम शब्दांत जोडाक्षर मूळचेच आहे. ‘जालना’चे सामान्यरूप होताना मात्र ‘य’ नव्याने आला आहे. म्हणून ‘पुण्याचा’ या एकाच लिखित रूपाचे दोन उच्चार होतात. ‘पुण्य’ या शब्दापासून आलेल्या रूपात ‘पु’वर आघात येतो, ‘पुणे’ या गावाच्या नावापासून आलेल्या रूपात येत नाही. ‘पुण्याचा वाटा’ एवढेच लिहिले तर अर्थ संदर्भानेच ठरवावा लागतो.

३. लेखनातील भेद

‘र’च्या बाबतीत मात्र आपल्या लिपीने ही उणीव भरून काढली आहे. मागील अक्षरावर आघात येत असेल तर रफार द्यायचा. येत नसेल तर ‘य’ किंवा ‘ह’ याच्या आधी वळणदार आडवी रेघ काढायची.

दर्या (समुद्र) – दऱ्या (‘दरी’चे अनेकवचन)
आचार्यास (गुरूस) – आचाऱ्यास (स्वयंपाक्यास)

‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ हे शब्दही याच पद्धतीने लिहिले जातात.

संगणकावर व फलकांवर अनेकदा ‘शेतकर्यांना’ असे लिहिलेले आढळते. या लेखनानुसार वाचल्यास ‘शेत-कर्-यांना’ असा उच्चार होईल, आणि तो मराठीत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हेच शुद्ध लेखन होय. टंकलेखन करताना ‘र’ऐवजी ‘ऱ’ हे अक्षर घ्यावे, त्यास हलन्त जोडावा आणि मग ‘य’ लिहावा. ज्यांच्यासाठी अर्ज, सूचना व परिपत्रके लिहिली जातात, त्यांचे नाव तरी त्यांत अचूक असावे. उद्या शिक्षक किंवा लिपिक म्हणून काम करताना ही जबाबदारी तुमच्यावर येणार आहे.

४. वृत्त आणि आघात

जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानावे, हा नियम तुम्हांला परिचित आहे. मात्र आघात येत असेल तरच तो लागू होतो. ‘नव्य’ या शब्दात ‘न’ गुरू. ‘नव्या’ (नवा – नव्या) या रूपात तो लघू. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्यातच आहे. त्यांचे ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात लघू-गुरू-गुरू असा गण चार वेळा येतो. गण पाडताना केवळ डोळ्यांवर विसंबू नका. चरण आधी मोठ्याने म्हणा आणि मग खुणा करा. ‘ऱ्य’ सोडल्यास हा भेद लिपी दाखवत नाही. तो कानाने ओळखावा लागतो.

स्वाध्याय

१. ‘विद्या’ आणि ‘विड्या’ यांपैकी कोणत्या शब्दातील पहिले अक्षर गुरू आहे? कारण सांगा.
२. ‘तिसरा’, ‘सुरी’, ‘कार्य’ या शब्दांना ‘-ला’ हा प्रत्यय लावून होणारी रूपे लिहा. रफार कोठे येतो व कोठे येत नाही, ते स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील फलकांवरील ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ असलेले दहा शब्द नोंदवा व त्यांची शुद्धता तपासा.